अंधेरीच्या गोलपोस्टला घातलेलं गाऱ्हाणं

प्रिय सई आणि अर्णव,

मागच्या रविवारी व्हिडिओवर अर्णवने मला विचारलं, "आजी, तू फुटबॉलच्या मैदानात धावत गेलीस आणि पोलिसांनी तुला पकडलं, हे खरं आहे का?" बाळा, हे खरं नाही. ही गोष्ट तुला शकूआजीने सांगितली असणार, आणि तिच्या दर वेळच्या सांगण्यात माझा वेग वाढत चालला आहे. बाबाच्या फ्लॅटमध्ये राहून गेलेल्या ब्लाझने आता फुटबॉल खेळणं सोडलं. स्लोव्हेनियातल्या आपल्या गावी, मधमाश्यांच्या रंगीत पेट्यांपुढे उभा असलेला त्याचा फोटोही आला. तो इथे नाही म्हटल्यावर अंधेरीत जो तो आपली आवृत्ती बिनधास्त सांगतो आहे. म्हणून त्या चार दिवसांची हकीकत मी क्रमाने लिहिते. तुम्हाला अंधेरी ठाऊक आहे ती विमानतळ ते बाबाचा फ्लॅट एवढीच, आणि तीसुद्धा झोपेतली.

गुरुवार: मुलुंड ते अंधेरी

सकाळी शकूचा फोन आला. शकू म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. बाबाच्या अंधेरीच्या फ्लॅटच्या बरोबर खाली ती राहते.

"वयनी, तुझ्या भाडेकऱ्याचा पाणी माझ्या देवांच्या डोक्यार पडता. सकाळपासून गणपती अभिषेकातच आसा!"

बाबाचा फ्लॅट तेव्हा एका फुटबॉल क्लबने त्यांच्या परदेशी खेळाडूसाठी भाड्याने घेतला होता. खेळाडू मी कधी पाहिला नव्हता. करारावरची सही तेवढी पाहिली होती, ती सरळ रेषेत होती, म्हणून माझं मत चांगलं होतं. मी पिशवी भरली. मी एका दिवसासाठी निघाले तरी चार दिवसांचं सामान घेते. तुमचे आजोबा यावर आयुष्यभर हसले. या वेळी चारच दिवस लागले.

रिक्षाचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पवईला तलाव दिसला आणि तलावापेक्षा जास्त वेळ एका डंपरची मागची बाजू दिसली.

सोसायटी तुम्ही पाहिली आहे, पण तिथली माणसं सांगते. बहुतेक घरं सिंधुदुर्गातली. यांचे वडील-आजोबा परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. गिरण्या गेल्या, माणसं उपनगरांत आली. आता कुणी विमानतळावर आहे, कुणी डबे पुरवतं, कुणी दिवसभर कॉम्प्युटरवर आहे. गावाकडची भाषा आणि गावाकडची भांडणं मात्र त्यांनी जपून आणली आहेत.

वर जाऊन बेल वाजवली. दार उघडलं एका प्रचंड उंच माणसाने. अर्धी चड्डी, ओठ निळे, अंगावरून पाणी ठिबकतंय. मागे हॉलमध्ये बदकांची चित्रं असलेला लहान मुलांचा रबरी हौद, आणि त्यात बर्फ. खेळून दुखलेले पाय बर्फात बुडवायचे असतात म्हणे. घरच्या फ्रिजचा बर्फ पुरत नाही, म्हणून हा मासळीबाजारातून बर्फ आणत होता. हौद शिवणीवर उसवला होता, आणि माझ्या मुलाच्या हॉलला सुरमईचा वास येत होता.

"सॉरी, मॅडम. व्हेरी, व्हेरी सॉरी," तो म्हणाला.

माझ्या मागून शकूने डोकं घातलं. "अगो बाय! ह्यो तर बर्फात ठेवलेलो बांगडो!"

त्याला त्यातला एकच शब्द कळला. "बांगडा! येस! व्हेरी गुड!" म्हणाला आणि दोन्ही अंगठे वर केले. शकू जिन्यात बसून हसली. मीही हसले, पण उभ्याने.

मग आम्ही फरशी पुसली. तो गुडघ्यांवर बसून, कोपऱ्याकोपऱ्यात टॉवेल घालून पुसत होता. शकू म्हणाली, "बघ गो, माझ्या झिलान कधी फडको हातात धरूक नाय." झील म्हणजे मुलगा. त्या क्षणापासून हा पाहुणा तिचा झाला. ब्लाझ हे नाव तिला जमेना, म्हणून तिने त्याचा बाळग्या केला.

चहा घेताना त्याने सगळं सांगितलं. तो इंग्रजीत बोले, मी शकूला मराठीत सांगे, शकू मालवणीत उत्तर देई आणि ते मी पुन्हा इंग्रजीत करी. दादरच्या इंग्रजी शाळेत माझ्या वडिलांनी मला घातलं, ते या कामासाठी असेल असं कुणाला वाटलं नसतं.

तर गोष्ट अशी होती. तो पुढच्या फळीत खेळणारा. त्याचं काम गोल करणं, आणि कित्येक सामन्यांत त्याचा गोल झाला नव्हता. शेवटचे दोन सामने तर तो बाहेर बाकावर बसून होता. शनिवारी अंधेरीत मोसमातला शेवटचा घरचा सामना. प्रशिक्षक त्याला सुरुवातीपासून खेळवणार होते, आणि पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे क्लब त्यानंतर ठरवणार होता. वय तेहतीस. फुटबॉलमध्ये हे निवृत्तीचंच वय. बायको माया (हो, आपल्यासारखंच नाव) आणि मुलगी नेझा गावी होत्या. नवरा-बायकोचं ठरलं होतं: करार वाढला तर दोघींनी मुंबईला यायचं, नाही वाढला तर त्याने बूट कायमचे काढायचे.

"काढायचेत का तुला?" मी विचारलं.

"नो," तो म्हणाला. कपातल्या चहाकडे बघत पुन्हा म्हणाला, "नो."

शकूने भाषांतराची वाट पाहिली नाही. "ह्येच्यासाठी गाऱ्हाणा घातल्यानी कोणी?"

गाऱ्हाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. ही स्तोत्रासारखी प्रार्थना नव्हे आणि नवसही नव्हे. जाणता माणूस देवापुढे उभा राहून खड्या आवाजात अर्ज मांडतो: हा कोण, कुणाचा, कुठून आला, याला काय हवं. प्रत्येक वाक्याला बाकी सगळे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" सगळं नीट, तपशिलाने सांगायचं असतं, कारण देव सांगितलं तेवढंच करतो. आणि एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही.

हे मी ब्लाझला इंग्रजीत सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "उद्या जमेल?"

शुक्रवार: बोरिवली

गाऱ्हाणं घालणारे आबा पूर्वी याच सोसायटीत राहायचे. आता मुलाकडे बोरिवलीला. सकाळचा सराव आटोपून ब्लाझ आला आणि आम्ही तिघं एका रिक्षात बसलो. मधे तो, दोन बाजूंना आम्ही दोघी. त्याचे गुडघे रिक्षावाल्याच्या कानांशी. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इनको बोलो, पैर से हॉर्न मत बजाना."

आबांच्या खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. ब्लाझ आत येताच खिडकीशी गेला आणि नमस्कार-चमत्कार विसरून बघत राहिला. त्याच्या गावीही असंच, म्हणाला, घराच्या मागे लगेच झाडी. फक्त तिथे बिबट्या नसतो, अस्वल असतं. आबांच्या सूनबाईंनी लगेच विचारलं, "अस्वल कचऱ्याच्या डब्यापर्यंत येतं का हो? आमचा येतो." दोन्ही देशांचे डबे जुळले.

सामन्याच्या आदल्या दिवशी उकडलेली कोंबडी आणि शेवया, एवढंच तो खायचा. डबाही बरोबर आणला होता. शकूने डबा उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. "पथ्याचा ता रात्री जेव." पानात आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, सोलकढी. त्याच्याकडे पाहुण्याला अक्रोडाची गुंडाळी केलेला केक देतात, पण आधी हवा का ते विचारतात. आपल्याकडे विचारण्याची पद्धत नाही. गुलाबी सोलकढी त्याला मिल्कशेक वाटली. मोठा घोट घेतला, डोळे मोठे झाले. मग ग्लास पुढे केला. त्याने किती ग्लास घेतले ते मी मोजले नाहीत. सूनबाईंना दुसरा नारळ खवावा लागला.

जेवणानंतर आबांनी चौकशी सुरू केली. बापाचं नाव? यानेझ. गावचा राखणदार कोण? डोंगरावर लहानसं चर्च आहे, संत फ्लोरियनचं, तो गावाला आगीपासून राखतो. आबांनी मान डोलावली. "तेकाय सांगूक व्हया. नायतर म्हणतलो, माका इचारूक नाय." इथवर कसा आला? मग ब्लाझने सगळं सांगितलं. गावाशेजारच्या मैदानावर सुरुवात, मग ऑस्ट्रियातली खालच्या दर्जाची लीग, मग पोलंड, मग सायप्रस, मग कझाकस्तान, जिथे त्याच्या भुवयांवर बर्फ जमायचा. कुठे दोन वर्षं, कुठे एक, कुठे अर्धंच. भाषा शिकेपर्यंत सामान बांधायची वेळ यायची. प्रत्येक ठिकाणी पहिला महिना लोक नावाने ओरडतात, म्हणाला, मग हळूहळू दुसऱ्याच्या नावाने.

आबा गिरणीत विणकर होते. ते ऐकत होते, आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "वयनी, ह्येका सांगा, तू बदली कामगार!"

मी सांगितलं. पूर्वी गिरणीत कायम कामगार असत आणि बदली असत. बदलीवाल्याने रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कुणी आलं नाही तर आत घेणार, नाहीतर घरी.

"बाकावर बसायचं," ब्लाझ म्हणाला.

"व्हय, बाकावर!" आबांना त्याचा इंग्रजी 'बेंच' मी मराठीत न सांगताच समजला. दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले आणि थांबेनात. मग ब्लाझने त्याच्या गावचा शिमगा सांगितला. थंडी संपताना पुरुष मेंढ्यांची कातडी पांघरतात, कमरेला मोठ्या घंटा बांधतात, आणि हिवाळा हाकलायला घरोघर नाचतात. बायका त्यांच्या पायाशी मडकं फोडतात, शुभ म्हणून. त्याने उठून नाचूनही दाखवलं. खालच्या मजल्यावरून झाडू ठोकल्याचा आवाज आला.

"आपलोच मनीस," आबा म्हणाले. "उद्या येतंय मी. गाऱ्हाणा मैदानातच घालूया. जागेवाल्याक जाग्यारच सांगूचा आसता." जागेवाला म्हणजे त्या त्या जागेची राखण करणारा देव.

शनिवार: मैदान

सकाळी सोसायटीने ब्लाझच्या हातावर दही ठेवलं. चार मजल्यांवर चार वेळा. शेवटी तो जिन्यात तळहात चाटतच उतरला.

संध्याकाळी अर्धी सोसायटी मैदानावर गेली. मी पांढरी सुती साडी नेसले होते. मला सांगितलं होतं की आपला संघ पांढऱ्यात खेळतो. तो निळ्यात होता. पांढऱ्यात समोरचा संघ होता.

फाटकावर पिशवीतला नारळ अडला. तिथली पोलीस मुलगी म्हणाली, "आजी, नारळ आत नाही नेता येणार. लोक फेकून मारतात."

"या वयात मी कुणाला मारणार?"

"ते मला काय माहीत? रागीट दिसता तुम्ही."

नारळ तिच्या टेबलाखाली ठेवावा लागला. शकूने कमरेची पिशवी चाचपली आणि सुपारी काढली. सुपारी कुणाच्याही जागी बसते, देवाच्याही. प्रश्न मिटला.

आबांनी जागा निवडली ती एका गोलच्या बरोबर मागे. "हय बसूया. दार समोर आसा." कठड्याच्या पायाशी सुपारी मांडली, चपला काढल्या, टोपी सारखी केली. खेळाडू मैदानात येत होते. आबांनी हात जोडून गोलकडे तोंड केलं आणि गिरणीच्या खडखडाटावर कमावलेला आवाज लावला:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या अंधेरीच्या वेशीत तुझी लेकरां हात जोडून उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो जो ब्लाझ, यानेझाचो झील, मुलूख मुलूख फिरान तुझ्या पायाकडे इलो हा! तेच्या गावचो राखणदार जो फ्लोरियन, तेकाय हाताशी घे!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पायातली इडापिडा काढ, आणि ह्या समोरच्या दारात, तेच्या अंगाक लागान, चेंडू जाऊं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

आजूबाजूचे लोक वळून बघत होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि थोडी लाजही वाटली. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

सामना सुरू झाला. मी क्रिकेटची माणूस, मला चेंडू शोधण्यातच वेळ गेला. बऱ्याच वेळाने आमच्या समोर गर्दी झाली. कोपऱ्यातून चेंडू उंच आला, ब्लाझ त्या गर्दीत उडी मारताना दिसला, चेंडू त्याच्या डोक्याला लागला आणि सणसणत समोरच्या जाळ्यात गेला. आम्ही उड्या मारल्या. शकूने मला मिठी मारली. आबा म्हणाले, "बगा!"

बाकी सगळा स्टँड गप्प होता.

पुढच्या रांगेत गाल निळे रंगवलेली एक कॉलेजची मुलगी बसली होती. ती मागे वळली. "आजी, वेड लागलंय का? तो आपलाच गोल आहे ना! आपला कीपर उभाय तिथे! त्याने स्वतःच्याच गोलमध्ये मारला, यार!"

मैदानावर ब्लाझ कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभा होता. मी साठ वर्षं इंग्रजी वाचते आहे, पण त्या उभं राहण्याला कुठल्या भाषेतला शब्द लावावा ते मला सुचलं नाही. माया आणि नेझा हे घरी बघत होत्या.

"वाट लागली," शकू एकदम शुद्ध मुंबईच्या मराठीत म्हणाली. मग आबांकडे वळली. "आबा, फिरवा गाऱ्हाणा! ता पलीकडचा दार सांगा!"

आबांचा चेहरा उतरला होता. "फिरवूक येणा नाय, शकू. देवाक काय मिनटामिनटाक येगळा सांगूचा? तेना सांगितलेला केल्यान."

खरंच होतं. देवाने शब्दाला शब्द पाळला होता. ब्लाझच्या अंगाला लागून, समोरच्या दारात. आणि गाऱ्हाणं अजून चालूच होतं! आता पुढे काय काय होईल, या विचाराने आमची रांग मध्यंतरापर्यंत पुतळ्यासारखी बसली. चेंडू आमच्या बाजूला आला की शकू डोळे मिटून घ्यायची.

मध्यंतरात मी त्या मुलीला सगळं सांगितलं, तिने पुन्हा आरडाओरडा करू नये म्हणून. तिने ऐकलं, आणि आधी ती हसली, मग आबांकडे बघितलं आणि हसू थांबवलं.

"अहो आजोबा, टेन्शन कशाला घेताय? हाफ टाइमनंतर बाजू बदलतात."

"म्हणजे?"

"म्हणजे आता समोरच्यांचा कीपर इथे येणार. हाच गोल त्यांचा. आपल्याला आता इथेच मारायचाय!"

आबांनी तिला हे तीनदा सांगायला लावलं. "पंचाच्या मर्जीर आसा?" "नाही हो, नियमच आहे!" मग ते हळूहळू उभे राहिले. टोपी पुन्हा सारखी केली. "म्हणजे माझा गाऱ्हाणा चुकला नाय," ते म्हणाले. "जरा बेगीन लागू पडला."

मुलांनो, तो दुसरा अर्धा भाग मला वाक्यावाक्याने सांगता येणार नाही. नवं गाऱ्हाणं घालायची गरज नव्हती. जुनंच लागू होतं, त्याला फक्त होकार देत राहायचा होता. चेंडू आमच्या बाजूला आला की आबा हात वर करायचे आणि आम्ही "व्हय म्हाराजा!" त्या मुलीने पुढची रांग सामील करून घेतली. मग त्यापुढची. क्लबचे ढोलवाले होते, त्यांनी ठेका उचलला. एक सरदारजी कुटुंब होतं, तेही व्हय म्हाराजा. शेजारी दोन गुजराती बायका वाटीभर ढोकळा घेऊन बसल्या होत्या, त्या तर आमच्यापेक्षा वरच्या पट्टीत.

मग कडेला एक तरुण खेळाडू अंग मोकळं करू लागला. मुलगी म्हणाली, "ब्लाझला काढणार बहुतेक." मी आबांना म्हटलं, "बदली आला." आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि हात वर केला.

डावीकडून चेंडू आला. ब्लाझ पडता पडता उडाला. डोकं, खांदा, काय लागलं ते कुणी नीट सांगत नाही. चेंडू जाळ्यात.

मी काय केलं ते आता सांगते, कारण याबद्दलच वाद आहे. मी खुर्चीवर चढले. माझी चप्पल पुढे उडाली आणि ढोकळ्यात पडली. ब्लाझ धावत आमच्याकडे आला, तेव्हा मी खाली उतरून कठड्यापर्यंत गेले. चालत. मधे एक पोलीस होता. तो म्हणाला, "आजी, मागे व्हा." मी म्हटलं, "होते, आधी ओरडून घेऊ दे." आणि मी ओरडले. ब्लाझने कठड्यावरून हात लांब करून माझा हात धरला. त्याचा हात मातीने भरलेला होता. धरपकड झाली ती एवढीच.

सामना बरोबरीत सुटला. सुपारी आबांनी खिशात घातली. नारळ पोलीस मुलीने परत दिला आणि विचारलं, "काय चाललं होतं आत? बाहेरपर्यंत ऐकू येत होतं."

रविवार: शकूचं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायची ते थांबले. क्लबचा फोन यायचा होता, आणि ब्लाझ एकटा वर बसायला तयार नव्हता. शकूने बांगडे तळायला घेतले. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होता आणि सालं व्यवस्थित एका बाजूला ठेवत होता.

फोन आला. तो उठला, खिडकीशी गेला. "येस," म्हणाला. पुन्हा "येस." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग "थँक यू." फोन ठेवून तो आमच्याकडे वळला. शकू झारा हातात घेऊन उभी, एक बांगडा करपतोय. त्याने दोन्ही हात जोडले, श्वास घेतला आणि खिडकीची तावदानं थरथरतील अशा आवाजात ओरडला:

"व्हय म्हाराजा!"

एक वर्ष वाढलं होतं. शकू रडली, मग करपलेल्या बांगड्यावरून त्याला ओरडली. तो मायाला फोन लावत होता, बोटं लसणाची, फोन निसटत होता. पलीकडून एक लहान आवाज काहीतरी विचारत राहिला. तो मला म्हणाला, "नेझा विचारते, तिथे अस्वल आहे का." मी म्हटलं, "सांग, बिबट्या आहे."

माया आणि नेझा आल्या, वर्षभर राहिल्या. नेझा शकूच्या हाताखाली अशी तयार झाली की भाजीवालीशी मालवणीत भांडायची. ब्लाझने त्या वर्षी आणखी काही गोल केले. पुढच्या वर्षी क्लबने त्याच्यापेक्षा तरुण माणूस आणला आणि ब्लाझ त्याला हवं तसं, खेळता खेळता, घरी गेला. आबा गेल्या पावसाळ्यानंतर थकले, आता मैदानावर येत नाहीत. शकूच्या सोसायटीतलंही फारसं कुणी जात नाही.

पण गेल्या महिन्यात मी एका सामन्याला जाऊन आले. त्या गोलच्या मागे आता सगळी अनोळखी मुलं बसतात. गाऱ्हाणं कशाला म्हणतात ते त्यांना माहीत नाही, ब्लाझ कोण तेही नाही. चेंडू जवळ आला की सगळा स्टँड "व्हय म्हाराजा" म्हणतो. फक्त दुसऱ्या अर्ध्यात. पहिल्या अर्ध्यात तिथे कुणीही तोंड उघडत नाही.